दिगंबर सरांची खारी टाकी

दिगंबर सरांच्या पत्नीचा, सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी लातुरात वर्गाच्या दारात खडू घेऊन उभी होते. "मॅडम, तुमचे सर गेले," एवढंच त्या बोलल्या, आणि मग पलीकडून नांदेडच्या दवाखान्यातला गलका नुसता ऐकू येत राहिला... मी आत जाऊन शिकवलं. काय शिकवलं, ते आजही आठवत नाही.

दिगंबर सर आणि मी बरीच वर्षं एकाच क्लासमध्ये होतो. ते प्राणिशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. तो क्लासेसच्या भरभराटीचा काळ. भोकर, उमरी, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला लातुरात यायची. त्याच लातुरात, जिथं गल्लोगल्ली टँकरची वाट बघितली जायची, या माणसानं वर्गात फळ्याशेजारी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती. मीठ मुंबईहून पोत्यानं यायचं, मासे हैदराबादहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत पिशवीत बसून. "प्यायला पाणी न्हाई अन् सर समुद्र करून राहिले," असं लोक हसायचे. सर म्हणायचे, "आमच्या पोरायनं समुद्र बघितला न्हाई. त्याच्यातली मारामारी तरी बघू द्या."

मारामारी होतीच. समुद्रातून मागवलेल्या एका दगडासोबत नखाएवढं तपकिरी समुद्रफूल आलं, फुलासारखा दिसणारा प्राणी. दिसायला नाजूक, पण प्रत्येक पाकळीत विषारी डंख. बघता बघता त्यानं सगळे दगड व्यापले. पोवळी करपून पांढरी पडली. एक नारिंगी मासा त्याला घासून गेला, कुशीवर कलंडला आणि वर्गादेखत तडफडून मेला. मी रसायनवाली. म्हटलं, "सर, सुईनं चुन्याची निवळी सोडा एकेकात. मरतील." सर एवढे चिडले की मी दोन पावलं मागं सरले. "औषध न्हाई! माझ्या टाकीत औषध न्हाई पडायचं!"

मग शांत झाल्यावर स्वतःच सांगितलं. भूकंपात त्यांचं औशाकडचं गाव जमीनदोस्त झालं होतं. सर तेव्हा नोकरीनिमित्त लातुरात होते. सकाळी पोचले, तर घराच्या जागी धोंड्यांचा ढीग. वडिलांना त्यांनी हातांनी उकरून काढलं, नखं निघाली. भावाची पोरगी निघाली ती त्यांनाही ओळखू येईना अशी... आई सापडत नव्हती. वास सुटला तशी सरकारी गाडी आली आणि ढिगाऱ्यावर जंतू मारायची पांढरी पावडर मारायला लागली. "माणसावर, ढोरावर, सगळ्यावर एकच पावडर, मॅडम. माझी माय खाली होती अजून. मी त्या माणसाचं नरडं धरलं. लोकायनं सोडवलं, न्हाईतर मेला असता माझ्या हातून." त्यांनी टाकीकडं बघितलं. "इथं कोण कोणाला खाईल तर भुकेनं खाईल. ते चालंल मला."

त्यांनी लाल रेघांचे झिंगे मागवले. टाकीत दाणा टाकणं बंद करून त्यांना उपाशी ठेवलं. एका दुपारी सर हृदयाचे कप्पे शिकवत असताना पुढच्या बाकावरची उमरीची कविता किंचाळली. झिंग्यांनी एका फुलाला घेरलं होतं. डंख बसत होते, तरी ते नांग्यांनी त्याच्या पाकळ्या उपटत होते, देठ फाडून तुकडे तोंडात कोंबत होते. फूल आकसलं, दगडाच्या भेगेत लपलं, तर त्यांनी भेगेतून ओढून काढलं. वर्ग उभा राहून बघत होता. काही दिवसांत दगड स्वच्छ झाले... आणि मग तेच झिंगे उरलेलं पोवळं कुरतडायला लागले. सरांनी रोज त्यांना खाऊ घालायला सुरुवात केली. "शिकारी पाळायचा तर त्याचं पोटबी पाळावं लागतं," ते म्हणाले.

क्लासच्या मालकानंही माणसं पाळली होती, दुसऱ्या क्लासवाल्यांना दमात ठेवायला. पुढं सरांनी नांदेडला स्वतःचा क्लास काढायचं ठरवलं, तेव्हा ती माणसं आमच्याच वर्गात शिरली. भर दुपारी, गज घेऊन. पहिला घाव टाकीवर बसला. खारं पाणी बाकांखालून वाहिलं, मासे पोरींच्या चपलांमध्ये उड्या मारायला लागले. दुसरा घाव सरांच्या डाव्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सर काचांवर गुडघे टेकून एका हातानं मासे बादलीत टाकत होते आणि तो माणूस त्यांच्या पाठीत गज घालत होता. तेवढ्यात कविता त्याच्या मनगटाला कडकडून चावली. मग सगळी बाकं उठली. पोरांनी त्या माणसांना तुडवलं. सरच ओरडले, "पुरे! मरंल तो! सोडा!"

मालकानं मिटवामिटवी करायला माणूस पाठवला. सर प्लास्टरमधला हात घेऊन पोलिसांत गेले, मी सोबत होते. त्यांनी नावं घेऊन जबाब दिला, मीही दिला. खटला रखडत चालला. गज मारणाऱ्यांना शिक्षा झाली, मालक सुटला. सरांचा कोपर पुन्हा कधी सरळ झाला नाही. नांदेडचा क्लास लहानच राहिला, पण त्यांचाच होता. गेल्या महिन्यात हृदय बंद पडलं, तेव्हा दवाखान्यात धावपळ करणारी डॉक्टर कविता होती.

गेल्या रविवारी वहिनींना भेटायला नांदेडला गेले. पुढच्या खोलीत सरांची दुसरी टाकी होती, आणि तिच्या बाजूला एक जाड काचेचं छोटं भांडं. त्यात बोटभर लांबीचा हिरवट झिंगा, डोळे गरगर फिरवणारा. दगडातून लपून आला होता, टाकीतल्या गोगलगाईंची कवचं ठोसे मारून फोडत होता. सरांनी त्याला मारला नाही, वेगळा काढून ठेवला. "भूक लागली की काचेवर ठोसा देतो," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे. आम्ही दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसाचं बोलत होतो... "मला म्हणाले, तू घरी जाऊन जेवून ये, आणि मी..." एवढ्यात टक् असा आवाज आला. वहिनी वाक्य अर्धवट टाकून उठल्या. डब्यातून गोदावरीचा एक जिवंत खेकडा चिमट्यानं उचलला आणि भांड्यात सोडला. एका ठोशात त्याचा नांगा तुटून पडला, दुसऱ्यात पाठ फुटली. मी मान फिरवली. वहिनी काचेशी वाकून उभ्या होत्या, खेकड्याचा शेवटचा पाय हलायचा थांबेपर्यंत.