खळ घातलेलं लुगडं

"हाई लुगडाले खळ कोनी लायी रे भाऊ? तुनी मायनी मांडी अशी कडक व्हती काय?"

गोधडीवाली कडाडली आणि यावलच्या केळीबागांतली पाखरं थेट सातपुड्यात पळाली. नाव विचारायची छाती कुणाची!

महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार. धुळ्यापासून निम्मा खानदेश मीच ढकलत आणली, आडवाटेची गोधडीची दुकानं पालथी घातली. गेलेल्या आईचं शेवटचं लुगडं कुणाच्याही सुईखाली देववेना. मानाचं म्हणून परटाच्या भट्टीतून कडक करून आणलं, तर हा सत्कार!

तिनं ते पाण्यात बुडवलं, चोळलं, वाळल्यावर गालाला लावून पाहिलं. मग सुई केसांत घासून टाके घालू लागली.

"अक्का, भट्टीत गेलेला आईचा वास आता परत येईल का हो?"

"नही," ती म्हणाली. "पन तुले थंडी वाजाव नही."