हल्लु

कडगंचीच्या चन्नव्वाला राग आला की तिची मराठी पळून जायची आणि माहेरची कन्नड तोंडात यायची. सगळे दात पडल्यापासून तर ती कन्नडही धड उरली नव्हती. म्हातारीची शिवी कळत न्हाई पण लागती बरूबर, असं गल्लीत म्हणायचे.

डाव्या गालावर तिच्या बोटाएवढा काळा डाग. नवी नवरी असताना दाढ सुजली, तर सासऱ्यानं तापला विळा टेकवला होता. गाल भाजला, दाढ ठणकायची ती ठणकतच राहिली. म्हातारा मेला, पण तिनं राग काही पुरला नाही.

यंदा तिची लाडकी मेंढी चंदी खंगायला लागली. रवंथ करता करता अर्धा घास खाली सांडायची. हनुवटी लाळेनं ओली, जबड्याला लिंबाएवढी गाठ. चन्नव्वानं तोंडाचा वास घेतला आणि लेकाला, सिद्धप्पाला, ओरडून सांगितलं, "हल्लु!" म्हणजे दात. बोळक्या तोंडातून निघालं 'हालु', म्हणजे दूध. सिद्धप्पानं बायकोला अव्वासाठी दूध आणायला सांगितलं. मंजुश्री उदगीरकडची, पक्की मराठी. ती म्हणाली, दूध न्हाई, 'हळू' म्हणायल्यात, मेंढीला हळू धरा म्हणून.

मग दोघांनी चंदीला अगदी हळू आडवं पाडलं, आणि गाठीवर डाग द्यायला सिद्धप्पानं चुलीत तापत ठेवलेला लाल विळा उचलला.

म्हातारी उठेपर्यंत विळा एकदा टेकलाच. जळक्या केसांचा वास सुटला. तिनं लेकाच्या मनगटावर काठी हाणली तसा विळा मातीत पडला. मेंढीचा जबडा फाकवून तिनं त्याचंच बोट आत कोंबलं. मागची दाढ डुगडुगत होती, भोवती कुजका चारा ठासलेला. बोट पुवानं माखून बाहेर आलं.

तेच बोट ओढून तिनं आपल्या गालावर टेकवलं. या वेळी मराठी पळाली नाही.

"ह्यो डाग कशाचा, कधी इचारलास? तुझ्या आज्याचा हाय. तू बी त्येचाच."

सिद्धप्पानं जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. दाढ निघाली, पू निघाला, चंदी हळूहळू चारा खायला लागली. गाठ बसली. डाग राहिला.

तेव्हापासून चन्नव्वा लेकाला नावानं हाक मारत नाही. चारचौघांत, पाव्हण्यारावळ्यांत 'हळू' म्हणते, आणि तो मुकाट "व्हय, अव्वा" म्हणत येतो. एवढा एक शब्द तिच्या बोळक्या तोंडातून अगदी स्वच्छ निघतो.