दहापैकी चार

सात वर्षं मी लोकांच्या दुःखाला दहापैकी गुण देत होते. पोटापाण्याचा उद्योग वेगळा होता, तो अजूनही आहे. दिंडोरीजवळच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये मी द्राक्षाच्या रसातली साखर आणि आंबटपणा मोजते. पण संध्याकाळी घरी आले की मी मेटल अल्बमची परीक्षणं लिहायचे. त्यातही जे सगळ्यात काळोखं, सगळ्यात रडवणारं, ते माझ्याकडे यायचं. एका छोट्या वेबसाइटसाठी आम्ही पाच-सहा जण लिहायचो आणि आपण फार मोठं काम करतोय अशा थाटात आपसात भांडायचो.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गिटार इतकी जड आणि संथ की छातीत घुमत राहते. गाणारा गात नाही, घशाच्या तळातून ओरडतो. शब्द जेमतेम लागतात. ओरडणारी बाई आहे की बुवा, तेही कळत नाही. विषय बहुतेक वेळा मरण, नाहीतर एकटेपण. नाशिक रोडहून कंपनीची बस निघायची आणि पंचवटी ओलांडून दिंडोरीला पोचेपर्यंत माझा एक अल्बम ऐकून व्हायचा. शेजारी बसणाऱ्या काकांना वाटायचं मी काहीतरी भक्तिगीतं ऐकते. एकदा त्यांनी हौसेने एक इअरफोन मागून घेतला, दहा सेकंद कानाला लावला आणि परत देत विचारलं, "मॅडम, कुणाला मारतायत का?"

मी कडक परीक्षक होते. मला खोटं दुःख चटकन कळतं असा माझा दावा होता. काळे कपडे घालून स्मशानाचे फोटो काढणारे, कुणी मेलेलं नसताना शोकगीतं रचणारे, यांची मी सालटी काढायचे आणि वाचणाऱ्यांना ते आवडायचं. मलाही आवडायचं, उगाच कशाला नाही म्हणू.

आमच्या वेबसाइटवर एकदा मोठा वाद झाला. एकाने मित्राच्या बँडला दहापैकी नऊ दिले होते आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं. तेव्हा तोडगा मीच सुचवला. वायनरीत आम्ही चव घेतो तेव्हा बाटल्या झाकलेल्या असतात आणि ग्लासांवर फक्त नंबर असतात. मालकाची लाडकी बाटली कुठली हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे जीभ खरं बोलते. मी म्हटलं, आपणही तसंच करू. संपादकाने अल्बमवरची नावं, चित्रं, गाण्यांची शीर्षकं काढून टाकायची आणि फक्त नंबर घालून फाइल पाठवायची. परीक्षण छापून आलं की मगच नाव उघड करायचं. परीक्षकाचंही नाव द्यायचं नाही, त्यालाही नंबर. सगळ्यांनी मान डोलावली. नियम सुरू झाला आणि मी बरेच दिवस त्या कौतुकात होते.

मला एकच भाऊ, चार वर्षांनी लहान. बाबा आम्ही शाळेत असतानाच गेले आणि अंगणवाडीत काम करून आईने आम्हाला वाढवलं. मेटलचा नाद त्याला माझ्यामुळेच लागला. कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत एकच हेडफोन होता. मग एक कान माझा, एक कान त्याचा. आई म्हणायची, "काय गं हे, लय बेकार रडतंय कोणीतरी." कॉलेजात तो गिटार शिकला, बरी वाजवायचा. पुढे रेल्वेत सिग्नलच्या कामाला लागला आणि इगतपुरीला क्वार्टर मिळाल्यावर तिकडे गेला. मला तो कायम 'परीक्षक मॅडम' म्हणायचा. मी केलेल्या भाजीलाही गुण मागायचा आणि मग स्वतःच द्यायचा, फार तर पाच.

दोन वर्षांपूर्वी, द्राक्षांच्या हंगामात, आई गेली. सकाळी श्वास लागला म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, दोन दिवस ठेवू. मी भावाला फोन केला. तो नुकताच रात्रपाळी करून आला होता. "येऊ का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "झोप आधी. संध्याकाळी ये निवांत." दुपारी चारला आई गेली. तो साडेपाचला पोचला.

तो रडला नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना चालू असताना सगळा वेळ जमिनीकडे बघत बसला होता. नातेवाईक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. मला त्याचा राग आला होता. त्यानंतर आम्ही फोनवर जेवणाखाण्याचं बोलायचो, पावसापाण्याचं बोलायचो. आईबद्दल कधी बोललो नाही. गिटारचं विचारलं तर म्हणायचा, सोडली.

मागच्या पावसाळ्यानंतर संपादकाकडून एक फाइल आली. पाच गाणी, पाऊण तास. मी नेहमीप्रमाणे बसमध्ये ऐकली, मग घरी दोनदा ऐकली आणि रविवारी सकाळी चहा घेऊन लिहायला बसले. मला अल्बम आवडला नव्हता. सगळ्या अल्बमभर मागे एक खरखर होती. मी लिहिलं की ही खरखर मुद्दाम घातलेली आहे, वातावरणनिर्मितीची स्वस्त युक्ती. आवाजाबद्दल लिहिलं की या गाणाऱ्याने मरणाबद्दल फक्त ऐकलंय, पाहिलेलं नाही, म्हणून तो सारखा भोवती फिरतो आणि आत जात नाही. शेवटच्या गाण्यात एकच ओळ परत परत येत होती, इंग्रजीत, तिचा अर्थ एवढाच की तू मला बोलावलं नाहीस. त्यावर मी लिहिलं, 'कुणीतरी बोलावलं नाही म्हणून केलेली ही दहा मिनिटांची तक्रार आहे. तक्रार म्हणजे शोक नव्हे.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन चहाचा घोट घेतल्याचंही मला आठवतं. दहापैकी चार दिले आणि पाठवून दिलं.

गुरुवारी परीक्षण छापून आलं. बस पंचवटीत अडकली होती, म्हणून मी मोबाइलवर उघडलं. माझ्या मजकुराखाली आता माहिती आली होती. कसलंसं अनोळखी नाव, त्याखाली लिहिलेलं, सर्व वाद्यं आणि आवाज एकाच माणसाचा. ध्वनिमुद्रण इगतपुरी, पावसाळ्यात. आणि शेवटी अर्पणाचा एक शब्द, 'आईस'.

इगतपुरीत मेटल वाजवणारा एकच माणूस मला माहीत होता. मी इअरफोन लावले आणि पुन्हा ऐकायला लागले. ती खरखर पावसाची होती. पत्र्यावर पडणारा इगतपुरीचा पाऊस, जो मी त्याच्याकडे गेल्यावर कितीतरी वेळा ऐकलाय आणि ज्याला 'काय बाई हा आवाज' म्हणून नावं ठेवलीत. आवाज मात्र कळूनही ओळखता येईना. ज्याला मी मांडीवर घेऊन बोलायला शिकवलं, त्याचा आवाज मी तीन वेळा नीट कान देऊन ऐकला होता आणि मला पत्ता लागला नव्हता. शेजारचे काका विचारत होते, मॅडम, बरं वाटत नाही का. मी मान हलवली.

भाऊ फोन उचलेना. शनिवारी मी सकाळची गाडी पकडून इगतपुरीला निघाले. त्या ओळीचं उत्तर माझ्याकडे होतं, ते जवळजवळ दोन वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईने त्याला बोलावलं होतं. माझ्याकडे निरोप दिला होता आणि मी तो पोचवला नव्हता. तो थकलेला आहे, झोपू दे, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. दवाखान्यात धावपळ मी करत होते, औषधं मी आणत होते, आणि आई मात्र सारखी त्याच्याबद्दल विचारत होती. मला राग आला होता. एवढाच, रोजचा असतो तसला राग. सांगावं की नाही हे गाडी घोटीला येईपर्यंत ठरत नव्हतं. सांगितलं नाही तर आयुष्यभर त्याला वाटत राहणार की शेवटी आईला आपली आठवण आली नाही. सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही, हे मला तेव्हाच दिसत होतं.

त्याने दार उघडलं आणि हसला. "या परीक्षक मॅडम," म्हणाला आणि चहा ठेवला. गिटार कॉटवर उघडीच होती, आता लपवायचं काय राहिलं होतं.

"तुला माहीत होतं मी लिहिलंय ते?" मी विचारलं.

"पहिल्या दोन ओळींत कळलं. ताई, तुझ्याशिवाय इतकं लागेल असं कोण लिहितं?"

"मला सांगायचं तरी होतंस, अल्बम तुझा आहे म्हणून."

"सांगितलं असतं तर तू ऐकलाच नसतास. आधी विचारलं असतंस, जेवलास का." तो गॅसकडे बघत बोलत होता. "तुमच्याकडे नाव झाकून ऐकतात म्हणून तर पाठवला. म्हटलं, तुझ्याकडे आला तर एकदा तरी तू ते नुसतं ऐकशील. पाऊस लागला की इथे बाहेर काही ऐकू जात नाही, म्हणून ओरडायचं सगळं तेव्हा उरकलं."

"मला तुझा आवाज ओळखू आला नाही रे."

"ओरडताना कुणाचाच येत नाही," तो म्हणाला. म्हणजे मलाच समजावत होता. "आणि तू लिहिलंस ते बरोबरच आहे. मी मरण पाहिलं नाही. मी आलो तेव्हा तिच्या नाकात कापूस होता. फक्त ते तक्रारीचं चुकलं तुझं. तक्रार नाही ती. मी खरंच विचार करतो, की तिला शेवटी माझी आठवण झाली नसेल का."

चहाला उकळी आली होती. मी म्हटलं, "झाली होती. तिने तुला बोलवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, रात्रपाळी करून आलाय, झोपू दे त्याला."

त्याने गॅस बंद केला. मग त्याने विचारलं, "काय म्हणाली नेमकं?"

"त्याला बोलव गं, एवढंच. एकदा म्हणाली."

त्याने चहा दोन कपांत गाळला, एक माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचा कप तसाच ओट्यावर सोडून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी बोलत राहिले. डॉक्टरांनी धोका नाही म्हणून सांगितलं होतं, मला तरी काय माहीत, तू आदल्या रात्री तीनदा लाइनवर जाऊन आला होतास. सगळं खरं होतं आणि ऐकायला घाण वाटत होतं. माझं संपल्यावर तो म्हणाला, "तुझी परतीची गाडी कितीची आहे?" मी सांगितलं. "मग निघ आता," तो म्हणाला. नेहमी तो मला स्टेशनपर्यंत सोडायला यायचा. त्या दिवशी आला नाही.

मी संपादकाला परीक्षण काढून टाकायला सांगितलं. तो म्हणाला, छापलेलं काढायचं नाही असं आपलं ठरलंय, आणि ते ठरवताना सगळ्यात जास्त तूच भांडली होतीस. दोन दिवसांनी भावाने अल्बमच सगळीकडून काढून टाकला. त्यामुळे आता माझं परीक्षण तिथे आहे आणि ते ज्याच्याबद्दल आहे ते नाही. त्यानंतर मी एकही अल्बम घेतला नाही. बसमध्ये मी आता काकांशी गप्पा मारते, त्यांच्या मुलीच्या लग्नाचं चाललंय.

चार महिने त्याचा फोन नाही, मेसेज नाही. आईच्या स्मृतिदिनाला मी कॉलनीत खीर वाटली आणि संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसले. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये असताना त्याचा मेसेज आला. ख्यालीखुशाली काही नाही. फक्त एक प्रश्न होता.

"किती वेळा म्हणाली?"

म्हणजे मी 'एकदा' असं सांगितलं होतं ते त्याला खरं वाटलं नव्हतं. मी हातमोजे काढून स्टुलावर बसले. पुन्हा एकदा 'एकदाच' असं लिहिलं आणि पुसलं. मग जे घडलं ते लिहिलं. "तीनदा. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी सांगितलं, निघालाय तो, येतोच आहे. मग ती काही बोलली नाही, दाराकडे बघत होती."

त्याने ते लगेच वाचलं, तसं दिसलं मला. नावाखाली तो काहीतरी टाइप करतोय असंही थोडा वेळ दिसलं, मग थांबलं. त्याला आता दोन महिने होतील.