गच्चीवरचे चौकोन

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा सोलापुरातल्या एका छापखान्यात मशीनवर होते. शाई सांडलेली, तिरकी छापली गेलेली पत्रकं ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवत असे. पुढच्या बाजूला यंत्रमाग कामगारांच्या मागण्या, पाण्यासाठीचा मोर्चा, जयंतीच्या मिरवणुकीचं निमंत्रण. भूक लागली की मी आईसमोर उभी राहून "जाहीर आवाहन!" असं ओरडायचे, हे आई अजूनही आल्यागेल्याला सांगते.

तेव्हा मोठेपणी मी पत्रकं लिहिणार हे ठरल्यासारखंच होतं. माझा विषय ऊन. उन्हाबद्दल सोलापुरात सगळेच बोलतात, घरातल्या तापट माणसाबद्दल बोलावं तसं. बोलून झालं की गप्प बसतात. मला गप्प बसता येत नाही. उन्हाळा लांबतोय आणि तो आपोआप लांबत नाही. कोळसा जाळून पंखे फिरवायचे, त्या धुरानं ऊन वाढवायचं, मग आणखी पंखे लावायचे, याला धोरण म्हणत नाहीत, मूर्खपणा म्हणतात. छतावरच्या सौर विजेसाठी सरकारी योजना आली तेव्हा मी ठरवलं, सुरुवात आपल्याच इमारतीपासून. आमच्या जिन्यातले दिवे आणि पाण्याची मोटर उन्हावर चालली पाहिजे.

एका रात्रीत पत्रक लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, "आपली गच्ची दिवसभर रिकामी तापत पडलेली असते." बाबा पत्रक वाचतात ते लाल पेन्सिल हातात घेऊन. फुकटचा शब्द दिसला की काट. त्यांनी माझा 'प्रचंड' काटला, 'क्रांतिकारी' काटला. 'रिकामी' मात्र ठेवला. म्हणाले, "चांगलं झालंय. सह्या मी घेतो." आणि छातीचा त्रास असलेला तो माणूस प्रत्येक मजल्यावर दम खात दारोदार फिरला. सगळी इमारत राजी झाली.

सोलर बसवणारा इंजिनिअर एका संध्याकाळी आला, सगळ्या गच्चीवर टेप लावून खडूनं चौकोन आखून गेला. सकाळी येऊन आखणी पक्की करतो म्हणाला.

आता आमच्या इमारतीची रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात वाळवणं सुरू झाली की गच्चीच्या जागेवरून बायकांची भांडणं व्हायची. म्हणून बाबा दर वर्षी खडूनं चौकोन आखून देतात, प्रत्येक घराला एक. टाकीजवळचा कोपरा तेवढा वाळवणाचा नाही. तिथं त्यांची बाज असते. उन्हाळाभर ते तिथंच झोपतात. खाली खोलीत पंखा गरम हवाच ढवळतो आणि त्यांची छाती भरून येते. संध्याकाळी बादल्या ओतून फरशी निववायची, मग बाज टाकायची.

सकाळी इंजिनिअरला घेऊन मी वर गेले, तर गच्ची कुरडयांनी पांढरी झालेली. चौकोनाचौकोनात साड्या अंथरलेल्या, त्यांवर सोऱ्यानं घातलेल्या ओल्या कुरडया. आई सोऱ्या दाबत होती.

"अगं, यंदा तुझ्या बाबांनी चौकोन लई ऐसपैस काढले की!"

"मागल्या साली मला रुमालाएवढा दिलेला," दुसऱ्या मजल्यावरची अक्का म्हणाली. तिच्या घरी मागावर टॉवेल निघतात, बोलणं तेलुगू-मराठी मिसळून. "किती भांडले मी! अय्यो, यंदा बघा, न भांडता शेत दिलंय."

इंजिनिअर खडूच्या रेघा शोधत राहिला. "मॅडम, इथं पॅनलचे पाय येणार आहेत."

"मग पायांना सांगा, वाळल्यावर या," अक्का म्हणाली. "तोवर चीक खावा वाटीभर."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग माझी नजर टाकीकडे गेली. इंजिनिअरनं तिथंही चौकोन काढला होता. एवढी जागेची मारामार, पण तो एकच चौकोन मोकळा होता.

"तिथं का नाही घातल्या?" मी विचारलं.

"ती दादांची जागा," अक्का म्हणाली. "तिथं कोण घालतंय?"

मी आईजवळ जाऊन बसले. "पॅनल आल्यावर बाबा कुठं झोपणार होते?"

"खाली पार्किंगमध्ये, मीटरच्या बाजूला. अंथरूण टाकून बघितलं परवा." तिनं सोऱ्यात चीक भरला. "मी बोलणार होते. तर म्हणाले, पोरगी एवढं काम काढतीय, मधे माझी बाज आणू नको."

मी तशीच खाली गेले. बाबा पेपर वाचत होते.

"'रिकामी' का नाही काटलंत?"

त्यांना लगेच कळलं. "आपण आपल्या घरची अडचण मांडली, की बाकीचे दहा मांडतात. मग काम होत नाही."

"मांडू देत! ज्या माणसाचा उन्हानं जीव गुदमरतो, त्यालाच हुसकावून मी उन्हाची वीज आणू? असलं पत्रक मी वाटणार नाही."

"आवाज कमी कर," ते म्हणाले, पण हसत होते. "हे वाक्य आधी लिहायचं होतंस."

वर जाऊन मी इंजिनिअरला सगळी आखणी पुसायला लावली. तो वैतागला. शेवटी म्हणाला, टाकी, जिन्याची खोली आणि तो कोपरा यांच्यावर उंच सांगाडा करता येईल, खाली बाज मावेल. पॅनल कमी बसतील. मोटर भर दुपारी चालवली तरच भागेल. दुपारी पाणी भरायचं म्हटल्यावर बायकांनी कुरकुर केली, मग आपापल्या कुरडयांकडे बघितलं आणि हो म्हणाल्या.

सांगाडा उभा राहिला, पॅनल बसले. आज संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखी बादली भरून वर आणली, कोपऱ्यातल्या फरशीला हात लावला आणि बादली तशीच बाजूला ठेवली. दिवसभर पॅनलची सावली होती, फरशी तापलीच नव्हती. त्यांनी बाज टाकली. आडवे झाले, वर बघितलं, उठले. बाज ओढून उशीची बाजू पॅनलखालून बाहेर काढली आणि पुन्हा आडवे झाले.

"पाय योजनेत, डोकं आभाळात," ते म्हणाले.

मी शेजारच्या इमारतीसाठीचं पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्याची सुरुवात आता अशी आहे: "तुमच्या गच्चीवर कोण झोपतं आणि काय वाळतं, ते आधी आम्हाला सांगा." बाबांनी लाल पेन्सिल मागितली. दुसऱ्या ओळीशी पोचेपर्यंत उजेड गेला, आणि पेन्सिल बोटांत तशीच ठेवून त्यांचा डोळा लागला. मी कान देऊन बसले. श्वास कुठंही अडकत नव्हता.