पाट्या वाचणाऱ्या वहिनी

वहिनींबद्दल मी लिहावं एवढं मला त्यांच्याविषयी ठाऊक नाही. एका घरात, एका थिएटरात पंचवीस वर्षं काढली. पण त्यांचा आवडता रंग कोणता, असं कुणी विचारलं तर मी गप्प बसेन. गप्प बसणं मला जमतं.

वहिनींचं काम बोलण्याचं होतं. तेव्हा चित्रपट मुके असत. मध्येच पडद्यावर अक्षरांची पाटी यायची आणि वाचता न येणाऱ्यांसाठी वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावरून ती मोठ्यांदा वाचायच्या. नायकाचं नायकाच्या आवाजात, खाष्ट सासूचं सासूच्या. मी वर केबिनमध्ये मशीन चालवायचो. माझा थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी आणि त्यांची मुलगी त्या स्टुलावरच जगत होत्या.

मग बोलपट आला. आवाज मोठ्या तबकडीवर असायचा. फिल्म आणि तबकडी एकदम सुरू करायची.

"आता पडदाच बोलणार," मालक अवघडून म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत या. पुढं काय करणार, वहिनी?"

"ऐकेन. इतकी वर्षं मीच बोलले."

घरी मात्र त्या दिवशी त्यांनी निवडलेली भाजी पुन्हा निवडली.

बोलपटाच्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला फिल्म तुटली. मी नेहमीसारखा फाटका हातभर भाग कापला, टोकं चिकटवली. संध्याकाळच्या खेळात नायिकेनं रडायला तोंड उघडलं आणि आतून तिच्या बापाचा घोगरा आवाज आला.

"बाईला पडसं झालंय रे!" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या, हशा. मालक धावत वर आले.

"तबकडीच खराब असेल," मी पुटपुटलो.

मालक लोकांना आवरायला खाली पळाले. त्यांच्या मागोमाग जिना चढून आलेल्या वहिनी मात्र थांबल्या. "भावोजी, किती कापलंत?"

"हातभर. नेहमी कापतो तसं."

"नेहमी खाली मी होते! तुम्ही कापलंत की पाटी लवकर पळायची, मी दम न घेता वाचायचे. तुमच्या कात्रीपायी धाप लागायची मला. ही तबकडी कशाला धावेल तुमच्यासाठी?"

त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून कापलेले तुकडे काढले, रिळाच्या शेवटची काळी पट्टी शेजारी धरली आणि चौकटी मोजून तेवढीच कापली. "हे मध्ये चिकटवा. क्षणभर अंधार झाला तर लोक चालवून घेतील."

दुसऱ्या दिवशी पडदा क्षणभर काळा झाला. मग नायिका स्वतःच्या आवाजात रडली. लोकही रडले.

मालकांनी माझी पाठ थोपटली. मला शब्द फुटायला वेळ लागतो. तोवर वहिनी जिन्याकडे वळल्यासुद्धा होत्या.

"मी नाही, वहिनींनी केलं," मी म्हणालो. "तबकडीवर त्यांनाच बसवा."

आयुष्यात एवढं सलग मी क्वचितच बोललो असेन. त्या महिनाअखेरीला वहिनी घरी बसल्या नाहीत, केबिनमध्ये बसल्या. पुढं तबकड्या जाऊन आवाज फिल्मवरच यायला लागला, तोवर त्या मशीनही चालवायला शिकल्या होत्या. मुलगी नर्स झाली.

तिच्याकडे कायमचं राहायला निघाल्या त्या दिवशीही दुपारचा खेळ वहिनींनीच चालवला. संध्याकाळची पाळी माझी होती. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

"दोन नंबरचं मशीन तापतंय, बघा," त्या दिवशी निघताना पदराला हात पुसत त्या म्हणाल्या.

"बघतो."

"नुसतं बघतो म्हणू नका. तेल घाला."

"घालतो."