टोळीवरली म्याडम

स्पष्टच सांगतो, त्या सायलीवर मी लई जळतो. माजलगावात चौदा वर्षांपासून माझा इंग्रजीचा क्लास हाय. गहिनीनाथ सर म्हणलं की रिक्षावाला दारात आणून सोडतो. अन् माझी सख्खी पोरगी राजनंदिनी, नववीतली, शाळेतून आली की कानात वायर घालून इंग्रजी शिकते कुणाकडून? तर ऊस तोडणाऱ्या सायलीकडून! पिकतं तिथं विकत न्हाई म्हणतात, ते उगं न्हाई.

ही सायली सातवीत माझ्याच क्लासला होती. हुशार होती, न्हाई कशाला म्हणू? पण दसरा झाला की आई वच्छलाबाईसंगं कारखान्याला जायची. आमच्याकडं रीतच हाय, दसऱ्याला मुकादम ऊसतोडीच्या टोळीत नाव लिहितो अन् मास्तर हजेरीतून नाव कमी करतो. मीबी केलतं. लाल पेनानं आडवी रेघ मारली. रिकाम्या बाकड्याची हजेरी घेत बसू का?

बारावी तिनं बाहेरून दिली. आता तेवीस वर्षांची हाय, नवऱ्यासंगं कर्नाटकात कोयता चालवते. दुपारी भाकरीच्या सुट्टीत गाडीच्या सावलीला बसती अन् व्हॉट्सॲपवर आवाज भरून ग्रुपमध्ये टाकती. दोनशे जण हायत तिथं. टोळ्यांवरली पोरं, बाया, ट्रॅक्टरवाले. माझ्याकडं अकरा उरलेत. अन् घरातली एक गेली, ते दुखणं वेगळंच!

म्हणलं, बघू तरी काय दिवे लावती. दुसऱ्या सिमवरून मी ग्रुपात शिरलो. नाव टाकलं रामभाऊ.

त्या दिवशी रविवार, इंटरनेटचा धडा होता. सायली म्हणाली, "बघा बायांनो, आपण उसाच्या फडावर जातो ना? तसंच ऑन द इंटरनेट. वर म्हणजे ऑन. पण टोळीवर नाव असतं का? न्हाई, टोळीत असतं. ग्रुप म्हणजे टोळी. म्हणून इन द ग्रुप." मागं कोयत्यांचा आवाज, कुणाचं तरी बाळ रडतंय, अन् बाया हसत हसत एकेक वाक्य म्हणून पाठवायल्यात.

माझ्या अंगाची आग झाली. चौदा वर्षं मी हेच फळ्यावर लिहून पाठ करून घेतो अन् पोरं जांभया देतात. मला टोळी काहून सुचली न्हाई?

तिला पाडायचंच म्हणून मी टाइप केलं, "म्याडम, व्हिडिओ अमक्या लिंकवर मिळेल म्हणायचं असलं, तर लिंकला ॲट का ऑन?" घे, म्हणलं, आता फिरव बोलणं इकडं तिकडं. राजनंदिनी ऐकत समोरच बसलेली. तिच्या म्याडमची फजिती तिच्याच कानावर घालायची होती मला.

सायलीनं काही फिरवलं न्हाई. म्हणाली, "रामभाऊ, मला पक्कं माहीत न्हाई. माजलगावला माझे सर हायत, त्यांना विचारून सांगते."

तेवढ्यात माझा खरा फोन वाजला.

"सर, मी सायली. सातवीत होते तुमच्याकडं. दसऱ्याला नाव कमी केलतं तुमी, ती."

टोमणा न्हाई, काही न्हाई. ओळख पटावी म्हणून सांगितलं तिनं, लोक गावाचं नाव सांगतात तसं. कसंबसं म्हणलो, "ॲट म्हण. लिंक म्हणजे पत्ता. पत्त्याला ॲट." ती म्हणाली, "लई उपकार झाले, सर," अन् लगेच ग्रुपात माझ्या नावानिशी सांगून टाकलं.

राजनंदिनीनं कानातली वायर काढली. "पप्पा, तुमी सायली म्याडमला शिकवलंय?" एवढ्या कौतुकानं पोरीनं माझ्याकडं कैक दिवसांत बघितलं नव्हतं. अन् ते कौतुकबी त्या बाईच्या जिवावर!

त्यानंतर रामभाऊ गप्पच बसला. रोज धडा संपला की सायली हजेरी घेती, ज्यानं त्यानं आवाज टाकायचा. आवाज टाकला तर पोरगी ओळखणार, मग मी काय बोलू? बारा दिवस झाले. काल कुणीतरी बाई म्हणाली, "म्याडम, हे रामभाऊ कधीच बोलत न्हाईत, काढा की त्यांचं नाव."

सायली म्हणाली, "राहू द्या. कामात असतील. आपल्याकडं कुणाचं नाव कमी करत न्हाईत."

आता सांगा, अशा बाईवर माणसानं जळावं न्हाई तर काय करावं?