बाइमुरातची हाक

हिवाळी मेळ्यात शिकाऱ्याने पठारावरून हाक घालायची आणि डोंगरमाथ्यावर ठेवलेला त्याचा गरुड उडत येऊन हातावर बसायचा. यंदा म्हाताऱ्या बाइमुरातची पाळी आली, तेव्हा त्याने हात उंचावला खरा, पण हाक घातली नाही.

माथ्यावर त्याची नवी गरुडमादी बसली होती. त्याच डोंगरामागच्या दरीत गेल्या वसंतात त्याने जुनीला मोकळे केले होते. दहा हिवाळे शिकार करून घ्यायची, मग तिला रानाला परत द्यायचे, जवळ मेंढी कापून ठेवायची आणि मागे न पाहता निघायचे, ही रीत. त्यानंतर तिच्या कानी आपला आवाज जाऊ द्यायचा नाही. ती परतली, तर तिचे घरटे बांधणे कायमचे राहून जाते. एरवी मेळा दूर नदीकाठी भरे. बर्फामुळे यंदा तो इथे आला होता.

“अरे, ओरड की! बायकोनं आवाज घरीच ठेवून घेतला का?” सेरिकबाय, त्याचा जुना सोबती, घोड्यावरून म्हणाला.

“थंडीनं घसा बसलाय रे.”

एक हाक, आणि जुनी नक्की आली असती. नऊ महिने तो या एका हाकेसाठी झुरत होता.

त्याने हात खाली घेतला आणि घोडा चढणीला घातला.

“बघा, शिकारीच गरुडाकडे निघाला!” पठारभर हशा पिकला.

माथ्यावर त्याने नवीला हातावर घेतले. जुनीपेक्षा ती हलकी होती. दरीकडे पाठ करून तो उतरू लागला.